उघड्या डोळ्यांपासून देवयानीपर्यंत : विश्वातील आपले स्थान ओळखण्याच्या पायऱ्या

खगोलशास्त्राची पहिली ओळख बहुतेकांना आकड्यांतून होते आणि तिथेच अनेकांचे पाऊल अडखळते. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे, त्याच्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आहे, ही विधाने पाठ करता येतात. परंतु या अंतरांमध्ये फरक केवढा आहे, हे पाठांतराने मनात उतरत नाही. माझा अनुभव असा आहे की प्रत्येक अंतराला आपण स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट जोडली, तरच ते अंतर आपल्याला उमजते. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरीवर काहीतरी पाहायचे, मोजायचे किंवा वहीत नोंदवायचे आहे. सगळ्या पायऱ्या नीट चढायला साधारण एक वर्ष लागते.

दुर्बीण एवढ्यात विकत घेऊ नये. दुर्बिणीतून आकाशाचा फार लहान तुकडा दिसतो, त्यामुळे ज्याला तारकासमूह ओळखता येत नाहीत त्याला हवी ती वस्तू सापडतच नाही. डळमळत्या तिकाटण्यावरची स्वस्त दुर्बीण तर उत्साह संपवण्याचेच काम करते. पहिले काही महिने डोळे आणि वही पुरतात. नंतर १०×५० मापाची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्यावी. तिची ५० मिलिमीटर व्यासाची भिंगे अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या सुमारे पन्नास पट प्रकाश गोळा करतात, आणि पुढच्या सर्व पायऱ्यांना तेवढे पुरेसे आहे.

तयारी : अंधार आणि हाताचे माप

उजेडातून बाहेर आल्यावर डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात, आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले की हा सराव मोडतो. नकाशा किंवा वही पाहण्यासाठी विजेरीवर लाल कागद लावावा, कारण मंद लाल उजेडाने डोळ्यांचा सराव फारसा बिघडत नाही.

आकाशातील अंतरे अंशांत मोजतात आणि त्यासाठीचे साधन आपल्याजवळच आहे. हात पूर्ण लांब करून एक डोळा मिटला, तर करंगळीची रुंदी सुमारे १ अंश, मूठ सुमारे १० अंश आणि ताणलेली वीत सुमारे २० अंश भरते. हात लहान असला तर बोटेही लहान असतात, म्हणून हे माप बहुतेकांना लागू पडते. पौर्णिमेच्या चंद्रावर करंगळी धरून पाहा. चंद्र फक्त अर्ध्या अंशाचा असल्यामुळे तो करंगळीमागे पूर्ण झाकला जातो. उगवताना क्षितिजाजवळ प्रचंड भासणारा चंद्रसुद्धा तसाच झाकला जातो, म्हणजे तो मोठा दिसणे हा मनाचा भास आहे. वहीतली पहिली नोंद ही असावी, कारण डोळ्यांना वाटते ते आणि मोजल्यावर निघते ते यांतील फरक इथे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कळतो.

पहिली पायरी : एक तारा, एक कोपरा

रोज उभे राहता येईल अशी एक जागा ठरवा आणि तिथून दिसणाऱ्या एखाद्या भिंतीचा किंवा छपराचा कोपरा निवडा. दक्षिणेकडच्या आकाशातील एक ठळक तारा त्या कोपऱ्यामागे नेमका किती वाजता जातो, ती वेळ मिनिटापर्यंत लिहा. दुसऱ्या दिवशी तोच तारा जवळजवळ चार मिनिटे आधी कोपऱ्यामागे जाईल, आठवड्याने सुमारे अर्धा तास आधी आणि महिन्याने दोन तास आधी. डोके त्याच ठिकाणी असावे म्हणून जमिनीवर खूण करून ठेवावी.

या चार मिनिटांत पृथ्वीच्या दोन्ही गती सामावलेल्या आहेत. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण करते. मात्र तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीच्या कक्षेत सुमारे एक अंश पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्यावर येण्यासाठी तिला आणखी चार मिनिटे फिरावे लागते. आपले घड्याळ सूर्यावर चालते, तारे मात्र पृथ्वीच्या खऱ्या फेरीनुसार येतात. दुर्बीण नसताना, एका कोपऱ्याच्या आधाराने, पृथ्वी सूर्याभोवती फिरते याची खूण मिळणे ही मला या शास्त्रातील सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. पहिल्या दिवसाची नोंद जपून ठेवा. लेखाच्या शेवटी तिची गरज पडणार आहे.

उत्तर गोलार्धात राहणाऱ्यांनी ध्रुवताराही शोधावा. सप्तर्षींतील पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेषा क्रतूच्या बाजूने पाचपट वाढवली की ध्रुवतारा सापडतो. तो आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा आहे हा समज चुकीचा असून तो सप्तर्षींतील ठळक ताऱ्यांइतकाच तेजस्वी आहे. क्षितिजापासून त्याची उंची मुठींनी मोजली तर जो अंश येतो, तोच साधारणपणे आपल्या गावाचा अक्षांश असतो. पृथ्वीवरील आपले स्थान असे एका ताऱ्यावरून मिळते. तेही कायमचे नाही, कारण पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो आणि आजपासून सुमारे १२,००० वर्षांनी ध्रुवाजवळचा ठळक तारा अभिजित असेल.

दुसरी पायरी : महिनाभर चंद्र

चंद्राशेजारचा एखादा तारा पाहून ठेवा आणि तासाभराने पुन्हा पाहा. ताऱ्यांच्या तुलनेत चंद्र तासाला साधारण स्वतःच्या रुंदीइतका पूर्वेकडे सरकलेला असतो. एका दिवसात हे सरकणे सुमारे १३ अंशांचे होते आणि म्हणूनच चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा होतो. ताऱ्यांच्या संदर्भात चंद्राची फेरी २७.३ दिवसांत संपते, परंतु अमावास्या ते अमावास्या २९.५ दिवस लागतात. हा फरक चार मिनिटांच्या फरकाचाच भाऊ आहे, कारण दरम्यान पृथ्वीही पुढे गेलेली असते.

द्विनेत्री हाती आल्यावर पौर्णिमेचा चंद्र पाहण्याची हौस लवकर भागवावी, कारण तेव्हा त्यावर सावल्याच नसतात. शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर नजर लावा. तिथे विवरांच्या कडा उजळलेल्या आणि तळ काळे दिसतात. काही वेळा सीमारेषेच्या पलीकडे, अंधाऱ्या भागात, एखादा सुटा प्रकाशबिंदू चमकतो. ते डोंगराचे शिखर असते, पायथ्याशी सूर्य अजून उगवलेला नसताना शिखरावर पडलेले ऊन. अर्ध्यापाऊण तासाने पाहिले तर तो बिंदू थोडा मोठा झालेला असतो. दुसऱ्या जगावरची सकाळ इतक्या सहज पाहता येते.

चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर असल्याने दोघांमध्ये जवळपास तीस पृथ्व्या मावतील. बहुतेक चित्रांत चंद्र पृथ्वीला अगदी खेटून काढलेला असतो, त्यामुळे अंतरांची ही पहिलीच पायरी किती उंच आहे ते लक्षात येत नाही.

तिसरी पायरी : अर्धचंद्र आणि सूर्याचे अंतर

या पायरीवर जरा जास्त थांबावे. शुद्ध अष्टमीच्या दुपारी चंद्र आणि सूर्य दोघेही आकाशात असतात. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी थेट पाहू नये, आणि द्विनेत्रीतून किंवा दुर्बिणीतून तर क्षणभरही पाहू नये, कारण दृष्टी कायमची जाऊ शकते. भिंतीच्या सावलीत उभे राहा, म्हणजे सूर्य भिंतीआड झाकलेला राहील, आणि तो जिथे असेल त्या दिशेने एक हात रोखा. दुसरा हात अर्धचंद्राकडे रोखा. दोन्ही हातांमध्ये जवळजवळ काटकोन झालेला दिसेल.

आता विचार करा. चंद्र बरोबर अर्धा दिसतो तेव्हा चंद्रापाशी काटकोन झालेला असतो, म्हणजे चंद्राकडून पृथ्वीकडे आणि चंद्राकडून सूर्याकडे जाणाऱ्या रेषा एकमेकींना लंब असतात. सूर्य चंद्राइतकाच जवळ असता, तर आपल्यापाशी होणारा कोन ९० अंशांपेक्षा बराच कमी भरला असता. तो ९०च्या जितका जवळ, तितका सूर्य दूर. ग्रीक खगोलज्ञ अॅरिस्टार्कसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हाच विचार केला. त्याने हा कोन ८७ अंश धरला आणि सूर्य चंद्राच्या १८ ते २० पट दूर असल्याचे काढले. खरा कोन सुमारे ८९ अंश ५१ कला (६० कला म्हणजे एक अंश) आहे आणि सूर्य चंद्राच्या सुमारे ३९० पट दूर आहे. मोजमाप चुकले, तरी विचार अचूक होता. सूर्य आणि चंद्र आकाशात सारख्याच आकाराचे दिसतात, त्यामुळे जो इतका दूर आहे तो त्याच प्रमाणात मोठाही असणार, हे त्यातून ओघाने आले. अॅरिस्टार्कसने पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मत मांडले होते, आणि सूर्य पृथ्वीहून कितीतरी मोठा असल्याचे ज्याने स्वतः काढले, त्याला तसे वाटावे यात नवल नाही.

सूर्याचा व्यास सुमारे १३,९२,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या १०९ पट आहे. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ८ मिनिटे २० सेकंद लागतात, चंद्राचा सव्वा सेकंदाहून किंचित जास्त. अंतरे प्रकाशाच्या वेळेत बोलण्याची सवय इथूनच लावून घ्यावी.

चौथी पायरी : गुरूचे चार ठिपके

ग्रह ओळखण्याची सोपी रीत म्हणजे ताऱ्यांची नेहमीची रचना माहीत असणे. तिच्यात आगंतुक तेजस्वी बिंदू दिसला की तो ग्रह. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा, म्हणजे पावणेपाच मुठींपेक्षा, लांब कधीच जात नाही, कारण त्याची कक्षा आपल्या कक्षेच्या आत आहे. गुरूला मात्र मध्यरात्री माथ्यावर येण्यास काहीच अडचण नाही. तो सूर्याभोवतीची फेरी ११.८६ वर्षांत पुरी करतो, म्हणून वर्षाला साधारण एक रास ओलांडतो.

द्विनेत्री भिंतीला किंवा खांबाला टेकवून स्थिर करा आणि गुरू पाहा. छोट्या तबकडीच्या दोन्ही बाजूंना, एका रेषेत, दोन ते चार बारीक ठिपके दिसतील. वहीत एक वर्तुळ काढून ठिपके त्यांच्या जागी मांडा आणि शेजारी वेळ लिहा. सलग आठ-दहा रात्री असे केले की प्रत्येक चित्र वेगळे निघते. हे ठिपके म्हणजे गुरूचे चंद्र : आयो १.७७ दिवसांत फेरी पूर्ण करतो, गॅनिमीडला सुमारे ७ दिवस लागतात, कॅलिस्टोला १६.७. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० रोजी यांतील तीन पाहिले, १३ जानेवारीला चौथा पाहिला आणि हे तारे नसून गुरूभोवती फिरणारे गोल आहेत हे त्याच्या ध्यानात आले. सर्व काही पृथ्वीभोवतीच फिरते ही समजूत टिकणे त्यानंतर अवघड झाले. माझ्या जुन्या वहीतली गुरूची चित्रे वेडीवाकडी आहेत, तरीही त्यांतली एक जोडी मला फार प्रिय आहे : संध्याकाळी तीन ठिपके, आणि तीन तासांनी काढलेल्या चित्रात तबकडीच्या अगदी कडेला चौथा. तो गुरूमागून बाहेर आला होता.

याच आयोची ग्रहणे गुरू दूर असताना उशिरा आणि जवळ असताना लवकर होतात असे दिसल्यावरून डॅनिश खगोलज्ञ ओले रोमर याने १६७६ मध्ये दाखवून दिले की प्रकाशालाही प्रवासास वेळ लागतो. आज प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर असल्याचे आपल्याला ठाऊक आहे, आणि वर्षभरात तो कापतो ते सुमारे ९ लाख ४६ हजार कोटी किलोमीटर अंतर म्हणजे प्रकाशवर्ष.

ताऱ्यांकडे वळण्यापूर्वी एक प्रतिकृती मोकळ्या मैदानात मांडून पाहावी. सूर्याच्या जागी १० सेंटिमीटर व्यासाचा चेंडू ठेवा. पृथ्वी म्हणजे टाचणीच्या डोक्याहून लहान, एक मिलिमीटरही न भरणारा ठिपका, चेंडूपासून पावणेअकरा मीटरवर. चंद्र त्या ठिपक्यापासून जेमतेम तीन सेंटिमीटरवर. माणूस आजवर जास्तीत जास्त एवढाच लांब गेला आहे. गुरू एक सेंटिमीटरचा, ५६ मीटरवर. नेपच्यून सुमारे ३२० मीटरवर. आणि सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा, याच मापाने सुमारे २,९०० किलोमीटरवर.

पाचवी पायरी : ताऱ्यांचे अंतर

अंगठा हातभर लांब धरा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. मागच्या भिंतीवर अंगठा उडी मारल्यासारखा दिसतो, हाच पराशय. अंगठा दूर गेला की उडी लहान होते. ताऱ्यांसाठी आपले दोन डोळे फार जवळजवळ पडतात, म्हणून खगोलज्ञ सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा निरीक्षण करतात, म्हणजे दोन 'डोळ्यां'मध्ये ३० कोटी किलोमीटर अंतर मिळते. एवढे करूनही ताऱ्याची उडी इतकी बारीक असते की शतकानुशतके ती कोणालाच दिसली नाही, आणि पृथ्वी फिरत नाही असे मानणाऱ्यांचा तोच मोठा आधार होता. अखेर १८३८ मध्ये जर्मन खगोलज्ञ फ्रीडरिख बेसेल याने हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मोजून प्रसिद्ध केला. तो कोन एका विकलेच्या (६० विकला म्हणजे एक कला) तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे. अडीच सेंटिमीटरचे नाणे १६ किलोमीटरवरून जेवढे दिसेल, साधारण तेवढा. हा तारा ११.४ प्रकाशवर्षांवर आहे. २०१३ मध्ये सोडलेल्या गाया या युरोपीय अवकाशयानाने याच तत्त्वावर शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांचे पराशय मोजले आहेत.

व्याधाचा प्रकाश ८.६ वर्षांपूर्वी निघालेला असतो, अभिजिताचा २५, स्वातीचा सुमारे ३७ आणि मघेचा ७९ वर्षांपूर्वी. ध्रुवाचा प्रकाश निघून चारशेहून जास्त वर्षे झाली. यांतले एकदोन आकडे वहीत ताऱ्याच्या नावापुढे लिहून मग तो तारा पाहावा. आकाश हा छतावर टांगलेल्या दिव्यांचा पडदा राहत नाही, त्याला खोली येते.

सहावी पायरी : आकाशगंगा, आतून पाहिलेली

शहराच्या उजेडापासून दूर, चंद्र नसलेल्या रात्री, जून ते ऑगस्टमध्ये आकाश मोकळे मिळाले तर वृश्चिकाची नांगी आणि धनू रास यांच्या दरम्यान पाहा. दुधी पट्टा तिथे सर्वांत रुंद आणि उजळ आहे. त्यात काळी खिंडारेही दिसतात. ती रिकामी नसून तिथली धूळ मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवते. मग सहा महिन्यांनी मृग आणि सारथी यांच्या बाजूचा पट्टा पाहा, तो फिकट असतो. पहिल्या वेळी आपण आकाशगंगेच्या केंद्राकडे पाहत होतो, दुसऱ्या वेळी तिच्या बाहेरच्या कडेकडे.

आकाशगंगा ३० सेंटिमीटर व्यासाची तबकडी मानली, तर तिची जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास येते. सूर्य केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर, म्हणजे या तबकडीवर केंद्रापासून आठ सेंटिमीटरवर आहे, आणि नुसत्या डोळ्यांना सुटे दिसणारे जवळजवळ सगळे तारे त्याच्याभोवतीच्या बोटाच्या पेराएवढ्या भागात मावतात. मृग, सप्तर्षी, वृश्चिक ही सगळी आपली आळी झाली. आपण मध्यभागी नाही हे अमेरिकी खगोलज्ञ हार्लो शॅप्ली याने १९१८ मध्ये गोलाकार तारकागुच्छांच्या मांडणीवरून दाखवले : ते आपल्याभोवती सारखे विखुरलेले नसून धनूच्या दिशेला एकवटलेले आहेत. त्या केंद्राशी सुमारे ४३ लाख सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर असून त्याचे चित्र २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

सातवी पायरी : देवयानीचा धूसर ठिपका

ऑक्टोबर ते डिसेंबरच्या संध्याकाळी भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातून ताऱ्यांची एक ओळ निघते. कोपरा सोडून ओळीतील दुसऱ्या ताऱ्यापाशी या आणि तिथून शर्मिष्ठेच्या दिशेने काटकोनात वळा. दोन मंद तारे ओलांडले की दुसऱ्याच्या शेजारीच लांबट, धुरकट ठिपका आहे. थेट रोखून पाहिले तर तो विरतो. नजर किंचित बाजूला वळवली की उमटतो, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यावर नसून बाजूला असतात. द्विनेत्रीत तो स्पष्ट दिसतो. हा देवयानीचा ठिपका म्हणजे सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची दुसरी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह, आहे आणि सामान्यपणे उपकरणाविना दिसणारी ही सर्वांत दूरची वस्तू.

तो इतका दूर असल्याचे कळले रूपविकारी ताऱ्यांमुळे. अमेरिकी खगोलज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये दाखवले की विशिष्ट प्रकारच्या ताऱ्यांचा उजळण्या-मंदावण्याचा काळ जितका मोठा, तितके त्यांचे खरे तेज जास्त. खरे तेज कळले आणि दिसणारे तेज मोजता आले, की अंतर निघते. त्यांचेच देशबांधव खगोलज्ञ एडविन हबल यांना १९२३ मध्ये देवयानीत असा तारा सापडला आणि ती आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर असल्याचे सिद्ध झाले. त्यांनी काढलेले अंतर आजच्यापेक्षा बरेच कमी होते, पण निष्कर्ष तोच राहिला.

आता आकाशगंगेची ती ३० सेंटिमीटरची तबकडी पुन्हा हाती घ्या. देवयानी या मापाने साडेसात मीटरवरची, थोडी मोठी दुसरी तबकडी होते. चेंडूएवढ्या ताऱ्याचा शेजारी हजारो किलोमीटरवर, तर तबकडीएवढ्या दीर्घिकेचा शेजारी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तारे आपल्या आकाराच्या मानाने विलक्षण एकाकी आहेत, दीर्घिका तशा नाहीत. हे एकदा नीट समजले की दीर्घिका एकमेकींवर आदळतात तेव्हा त्यांतले तारे सहसा आदळत का नाहीत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

यापुढचे डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. दूरच्या दीर्घिका अंतराच्या प्रमाणात वेगाने दूर जात असल्याचे हबल यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. हे प्रसरण सर्वत्र सारखेच असल्यामुळे प्रत्येक दीर्घिकेवरून हेच दृश्य दिसेल; त्याला केंद्र नाही. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. प्रसरणामुळे आज आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाचा व्यास सुमारे ९,३०० कोटी प्रकाशवर्षे झाला आहे, म्हणजे तबकडीच्या मापाने प्रत्येक बाजूला सुमारे १४० किलोमीटर.

एवढ्यात वर्ष होत आले असेल. पहिल्या नोंदीच्या तारखेला त्याच खुणेवर उभे राहा आणि तोच तारा त्याच कोपऱ्यावर पाहा. रोजची चार मिनिटे साठून चोवीस तास पूर्ण झालेले असतात, म्हणून तो मिनिटा-दोन मिनिटांच्या फरकाने वहीत लिहिलेल्या वेळीच कोपऱ्यामागे जाईल. दरम्यान पृथ्वीने सूर्याभोवती सुमारे ९४ कोटी किलोमीटरची एक फेरी मारली, आणि सूर्य आपल्या साऱ्या ग्रहांसह आकाशगंगेच्या केंद्राभोवती सुमारे ७०० कोटी किलोमीटर पुढे निघून गेला. त्या नोंदीखाली नवी तारीख आणि वेळ लिहा.